रिचार्ज कोणत्या नंबरवर टाकू?

दिंडोरीच्या द्राक्षबागेत थिनिंगला, म्हणजे घडातले मणी विरळ करायला, गेलेल्या बाईची वीस मिनिटं किती रुपयांची? दिवसाची मजुरी साडेतीनशे धरली, कामाचे आठ तास धरले, तर पंधरा रुपयेही होत नाहीत. आम्ही वीस मिनिटं फोनवर प्रश्न विचारून पन्नास रुपये देतो, म्हणजे मजुरीच्या तिप्पट देतो, असं कागदावर दिसतं. बैठकीत हा हिशोब मांडला की बहुतेकांचं समाधान होतं. माझं होत नाही. थिनिंगचं काम बऱ्याचदा उक्तं असतं, टोळीने एकराच्या दराने घेतलेलं. एक बाई घड सोडून बांधावर फोनला उभी राहिली की तिची ओळ मागे पडते, शेजारची बाई आपलं काम टाकून ती ओढायला येते आणि मुकादम बघत असतो. संध्याकाळी बोलणी बसतात ती तिला एकटीला. हे सगळं पंधरा रुपयांत कुठे बसवायचं?

मी नाशिकमध्ये फोनवरून पाहण्या करणाऱ्या एका लहानशा गटात काम करते. गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला दोन खोल्या, भिंतीला लागून टेबलं, हेडफोन लावून बसलेल्या मुली. सिडकोतून, पंचवटीतून, सातपूरहून येतात. शेती, आरोग्य, शाळा, रेशन, कर्ज, विषय बदलत राहतात. प्रश्न कुणी संशोधक नाहीतर संस्था ठरवते. आम्ही ते माणसांना कळतील अशा बोलीत विचारतो. बागलाण-कळवणकडे अहिराणी बोलणारी मुलगी फोन करते, मालेगावला उर्दू येणारी. उत्तर देणाऱ्याला प्रत्येक फेरीचं थोडं मानधन मिळतं. या पद्धतीचं सगळ्यात मोठं कौतुक म्हणजे ती स्वस्त आहे. गाडी नको, मुक्काम नको, पावसाळ्यात घाट बंद झाला तरी काम थांबत नाही. सुरगाण्याच्या एखाद्या पाड्यावर जाऊन चार घरं करायला जो दिवस जातो, त्याच दिवसात इथे बसून कितीतरी घरं होतात. २०२० च्या टाळेबंदीत तर जगभर हाच एक मार्ग उरला होता आणि तेव्हापासून फोनवरच्या पाहण्यांना जो जोर आला तो ओसरलेला नाही.

उत्तरं देणाऱ्याला फोनवरूनच पैसे देण्याची कल्पना मात्र त्याच्या आधीची. केनियातल्या किलिफी इथल्या रुग्णालयाची हकिगत मी नव्या मुलींना नेहमी सांगते. तिथल्या परिचारिकांनी रक्तपेढीत रक्त किती शिल्लक आहे हे रोज एसएमएसने कळवायचं, अशी व्यवस्था नेथन ईगल या संशोधकाने उभी केली. सुरुवात छान झाली, मग एसएमएस यायचे थांबले. कारण साधं होतं. एसएमएसचा खर्च परिचारिकांच्या खिशातून जात होता आणि त्यांच्या कमाईच्या मानाने तो थोडका नव्हता. मग नीट आलेल्या प्रत्येक एसएमएसमागे त्यांच्या फोनवर थोडा एअरटाइम, म्हणजे फोनचा बॅलन्स, जमा व्हायला लागला आणि माहिती पुन्हा सुरू झाली. याच अनुभवातून पुढे २००९ मध्ये टेक्स्टईगल ही कंपनी निघाली, तीच नंतर जाना नावाने ओळखली गेली. गरीब देशांतल्या लाखो लोकांना बारीकसारीक प्रश्न विचारायचे आणि मोबदला फोनच्या बॅलन्समध्ये द्यायचा, असा तिचा मार्ग होता. मला यातली पुढची कंपनी महत्त्वाची वाटत नाही, आधीच्या परिचारिका वाटतात. माहिती देणं हे काम आहे, त्याला खर्च येतो आणि तो कुणाच्या तरी खिशातून जात असतो, हे त्यांनी एसएमएस बंद करून दाखवलं.

एसएमएसने मराठीत पाहणी करून बघा, असं आम्हाला अधूनमधून सुचवलं जातं, कारण तो सगळ्यात स्वस्त. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. देवनागरीत लिहिलं की ती मर्यादा ७० वर येते आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. ‘गेल्या सात दिवसांत तुमच्या घरात पैसे नसल्यामुळे कुणाला एक वेळ उपाशी राहावं लागलं का?’ हा प्रश्न एका एसएमएसमध्ये मावत नाही. मावला तरी असल्या प्रश्नाचं उत्तर एक दाबा, दोन दाबा असं मागायला माझं मन धजत नाही. जागतिक बँकेने पेरू आणि होंडुरासमध्ये एसएमएस, यंत्राचा आवाज आणि माणसाचा फोन हे तिन्ही मार्ग एकमेकांशी ताडून पाहिले. लोक सगळ्यात जास्त टिकले ते माणसाच्या फोनला. आमच्या खोलीत बसून मला ते रोज दिसतं.

तर, रिचार्ज. पूर्वी आपल्याकडे दहा रुपयांचा छोटा रिचार्ज मारला की दहातले सात-आठ रुपये बॅलन्स म्हणून हातात यायचे आणि ते पुरवून पुरवून वापरता यायचे. ते पैसेच होते. फोनवर उत्तर दिलं आणि वीस रुपयांचा टॉप-अप आला, तर माणसाला खरोखर काहीतरी मिळायचं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि हे चित्र उलटं फिरायला लागलं. २०१८ संपता संपता जुन्या कंपन्यांनी नियम आणला, की २८ दिवसांतून किमान ३५ रुपयांचा रिचार्ज केला नाही तर आधी जाणारे फोन बंद आणि मग येणारेही. पुढे हा आकडा चढतच गेला. जुलै २०२४ मध्ये एअरटेलचा २८ दिवसांचा सगळ्यात कमी किमतीचा अमर्याद पॅक १७९ वरून १९९ वर गेला. आता वीस रुपयांच्या टॉप-अपचं करायचं काय? पॅक चालू असेल तर त्याची गरज नाही आणि पॅक संपला असेल तर त्याने काही सुरू होत नाही. परदेशातून येणाऱ्या प्रस्तावांमध्ये मात्र अजूनही ‘छोटा एअरटाइम’ असतोच. आफ्रिकेत जे चाललं ते इथेही चालेल असं गृहीत धरलेलं असतं. आपल्याकडे बॅलन्सचा पैसा राहिला नाही, हे दर वेळी नव्याने समजावून सांगावं लागतं.

हे मला पक्कं कळलं ते सुरगाणा तालुक्यातल्या एका बाईमुळे. तिच्या पाड्यावर रेंज फक्त वरच्या टेकाडावर मिळते. फोन शेजारणीचा. स्वतःच्या घरातला फोन मुलाकडे, आणि मुलगा द्राक्षाच्या हंगामाला निफाडकडे गेलेला. मुलाच्या नंबरवर फोन केला तेव्हा त्याने सांगितलं, आई संध्याकाळी शेजारच्या वहिनीबरोबर टेकाडावर येते, तिच्या नंबरवर लावा. आमच्या मुलीने लावला. वाऱ्याच्या आवाजात वीस-पंचवीस मिनिटं बोलणं झालं. नागलीचं पीक किती झालं, रेशन पूर्ण मिळालं का, उसने कुणाकडून घेतले, सगळं तिने न थांबता सांगितलं. शेवटी मुलीने ठरलेला प्रश्न विचारला, “ताई, मानधनाचा रिचार्ज कोणत्या नंबरवर टाकू?”

ती गप्प झाली. मग विचारलं, “दुसरीकडं टाकला तर चालंल का?”

“चालेल ना. कुठला पण नंबर सांगा.”

तिने नंबर तोंडपाठ सांगितला, दोन-दोन आकडे करून, मध्ये थांबत, चुकू नये म्हणून दोनदा. पेठ तालुक्यातला, माहेरचा. “आईचा हाये. दिवाळीपासून लागतच नाही. पैसं संपलं तर येणारं पण बंद झालं म्हणं.”

मी शेजारच्या टेबलावर होते. मुलीने हेडफोन कानावरून सरकवला आणि माझ्याकडे पाहिलं, कारण दोघींनाही माहीत होतं की पन्नास रुपयांनी तो फोन सुरू होणार नव्हता. पूर्ण पॅक मारावा लागणार होता. आमच्या त्या पाहणीत चार फेऱ्या होत्या, दर फेरीला पन्नास रुपये. मी तिथल्या तिथे चारही फेऱ्यांचं मानधन एकत्र करून पॅक मारायला सांगितला आणि वहीत तशी नोंद केली. नियमात ते बसत नव्हतं. प्रकल्पाच्या लोकांशी त्यावर लांबलचक बोलणं झालं. सगळे पैसे आधी दिले तर पुढच्या फेऱ्यांना माणसं फोन उचलणार नाहीत, असं त्यांचं म्हणणं. रास्त शंका होती. म्हणून त्याच पाहणीत आम्ही विचारायला लागलो, दर वेळी पन्नास हवेत की एकदम पूर्ण पॅक? बऱ्याच बायकांनी पॅक मागितला. आणि पैसे आधी मिळाले म्हणून पुढच्या फेरीला फोन उचलणं त्यांनी थांबवलं, असं आम्हाला दिसलं नाही. उलट ज्यांचा फोन पॅकमुळे चालू राहिला त्या सापडत तरी राहिल्या. दार-एस-सलाममध्ये एका मोबाईल पाहणीत मोबदल्याची रक्कम कमी-जास्त करून पाहिली होती आणि त्याने प्रतिसादात फारसा फरक पडला नव्हता. मला ते पटतं. माणूस किती पैसे मिळतात यावर कमी आणि जे मिळतं ते आपल्या कामाचं आहे का यावर जास्त टिकतो.

पण त्या संध्याकाळपासून मला एक वेगळीच गोष्ट टोचते आहे. आमची सगळी व्यवस्था नंबराभोवती बांधलेली आहे. यादीत नंबर, निवडलेला नंबर, फोन नंबरला, मोबदला नंबरला. बोलणारं माणूस मात्र दुसरंच असतं. आमच्या कॉल शीटवर कोड आहेत. १ म्हणजे मुलाखत पूर्ण, २ म्हणजे नंतर फोन करा, ३ उचलला नाही, ४ बंद, ५ नकार, ६ दुसऱ्याचा फोन. वर अहवाल जातो तेव्हा सगळ्यांचं लक्ष १ आणि ५ वर असतं. मी आधी ६ बघते. त्यापुढच्या शेऱ्याच्या रकान्यात मुलींनी घाईघाईत लिहिलेलं असतं: ‘नवरा म्हणाला मला विचारा’, ‘सासूसमोर बोलत होती, स्पीकर चालू’, ‘मुलगा बाहेर गेला की फोन पण जातो’. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २१ मध्ये, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४ टक्क्यांकडे स्वतः वापरता येईल असा मोबाईल होता. उरलेल्या बायका आमच्या यादीत आल्या तर कुणाच्या तरी नवऱ्याच्या, दिराच्या, मुलाच्या नंबरमागून येतात. वीस मिनिटं बाई बोलते आणि रिचार्ज नवऱ्याच्या सिमवर पडतो. यूपीआयने दिले तरी बऱ्याच घरांत तेच. तो ज्या नंबराला जोडलाय तो नंबर पुरुषाकडे, पैसे आल्याचा मेसेजही त्यालाच.

म्हणून काही ठिकाणी लोकांनी आधी फोनच दिले. २०१३ मध्ये जागतिक अन्न कार्यक्रमाने काँगोतल्या गोमाजवळच्या मुगुंगा ३ या छावणीत विस्थापित कुटुंबांना फोन वाटले आणि मग महिन्यामागून महिने फोनवरून विचारलं, काय खाताय, किती वेळा खाताय. उत्तर दिलं की थोडा एअरटाइम. टांझानियात ट्वावेझा या संस्थेने ‘साउती झा वनांची’ ही पाहणी सुरू केली तेव्हा आधी प्रत्यक्ष घरी जाऊन कुटुंबं निवडली आणि प्रत्येकाला फोनबरोबर सौर चार्जरही दिला, कारण घरात वीजच नसेल तर फोन कोपऱ्यात पडून राहणार. याने खर्च वाढतो, हे उघड आहे. तरीही ही पाहणी घरोघर वारंवार जाण्यापेक्षा स्वस्तच पडते. वाचलेल्या पैशातला एक वाटा, ज्यांच्यापर्यंत फोन पोचत नाही त्यांच्यासाठी काढून ठेवला, इतकंच.

फोन उचलला जाणं हाही आता मोठाच प्रश्न झालाय. फोन लावला की आधी सायबर फसवणुकीची सूचना वाजायची, ते महिने आठवतात. अनोळखी माणसाला माहिती देऊ नका, फसवणूक झाली तर १९३० वर कळवा. सूचना योग्यच होती. निफाड, चांदवड, येवला, कुठेही विचारा, कुणाच्या तरी भाच्याचे किंवा व्याह्यांचे पैसे गेलेले असतात. पण ती संपली की लगेच आमच्या मुलीचा आवाज, “नमस्कार दादा, मी नाशिकहून बोलतेय, तुमच्याकडून थोडी माहिती हवी होती, त्याचे तुम्हाला पैसेही मिळतील.” पैसे मिळतील हे ऐकूनच माणूस सावध होतो, आणि त्याने व्हायलाच हवं. म्हणून आम्ही ओटीपी, आधार, खातं यातलं काहीही विचारत नाही आणि विचारणार नाही हे पहिल्या वाक्यातच सांगतो. शक्य असेल तिथे गावातल्या आशाताईंना किंवा बचत गटाच्या सीआरपीला, म्हणजे गटांचं काम बघणाऱ्या गावातल्याच बाईला, आधी कळवून ठेवतो. उलट फोन करून खात्री करता येईल असा नंबर देतो. कुणी म्हणालं, विचार करून सांगतो, तर थांबतो. एवढं करूनही काही लोक आमचा नंबर स्पॅम म्हणून नोंदवतात आणि मग पुढच्या माणसाच्या पडद्यावर आमचा फोन लाल रंगात उमटतो. त्यावर उपाय म्हणजे आणखी सबुरी, दुसरा मला सापडलेला नाही.

वेळेचं गणितही इथल्या शेतीने ठरवलेलं आहे. पंपाची वीज रात्रपाळीला असेल त्या आठवड्यात शेतकरी सकाळी झोपलेला असतो. ऑक्टोबर छाटणीच्या दिवसांत बागाईतदाराला दिवसा फोन करणं म्हणजे त्याला छळणं. आणि कांद्याचं काही झालं की आमची प्रश्नावली बाजूला पडते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, जिल्ह्यातल्या बाजार समित्यांचे लिलाव बंद पडले, तेव्हा आमची पाहणी मुलांच्या लसीकरणावर चालू होती. लासलगावकडचे एक काका म्हणाले, “पोरी, लशीचं सगळं सांगतो, पण कांद्याचं तू काहीच विचारत नाहीस?” डिसेंबरमध्ये निर्यातबंदीच झाली आणि असं विचारणारे वाढले. मुलींनी ऐकून घेतलं. पुढच्या पाहणीपासून आम्ही शेवटी एक मोकळा प्रश्न ठेवला, ‘तुम्हाला आणखी काही सांगायचंय का?’ फोन त्याने लांबतो, खर्च वाढतो. तरी तो प्रश्न कुणी काढायला सांगितला तर मी भांडते.

या कामाचे जुने लोक आठवले की धीर येतो. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ, जन्म नाशिकचाच, १९३० साली पुण्याची गोखले संस्था सुरू झाली तेव्हापासून ती त्यांनी सांभाळली आणि वाई तालुक्यातल्या शेतीचा हिशोब शेतकऱ्यांच्या घरी माणसं पाठवून मांडला. बंगालमध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस तागाचं पीक मोजायला निघाले, तेव्हा एकाच भागात दोन स्वतंत्र गट पाठवून त्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघायची रीत त्यांनी बसवली. आम्हीही पूर्ण झालेल्या मुलाखतींपैकी काही नंबरांवर दुसऱ्या मुलीकडून पुन्हा फोन करवतो, तेच चार प्रश्न विचारतो, उत्तरं जुळतात का बघतो. स्वस्त पद्धतीत सगळ्यात आधी कात्री लागते ती या दुसऱ्या फोनला. ती लागली की आकडे नुसते भरल्यासारखे होतात.

आणि कात्री लागते ती या मुलींच्या पगाराला. बऱ्याच ठिकाणी पूर्ण झालेल्या मुलाखतीमागे पैसे मिळतात. मग टेकाडावर वाऱ्यात बोलणाऱ्या बाईची वाट कोण बघणार? तीन वेळा फोन कट झाला तर चौथ्यांदा कोण लावणार? फोन लवकर उचलणाऱ्या, सफाईने बोलणाऱ्या, रस्त्याकडेच्या गावातल्या माणसांच्याच मुलाखती भराभर होतात आणि अहवालात जिल्हा म्हणून तीच माणसं येतात. आमच्याकडे महिन्याचा पगार आहे आणि मी तो तसाच ठेवायला लावलाय. कोड ६ वर घालवलेला वेळ हा कामाचाच वेळ आहे.

पुढच्या वर्षाच्या कामाचा खर्च मी सध्या मांडते आहे. आतापर्यंत उत्तर देणाऱ्यांचे पैसे ‘संपर्क खर्च’ या रकान्यात, फोनबिल आणि इंटरनेटच्या खाली जायचे. या वेळी मी त्यांची वेगळी ओळ केली आहे, ‘उत्तरदात्यांची मजुरी’. तिच्यात तीन गोष्टी लिहिल्यात. रक्कम रोख हवी, पॅक हवा की यूपीआय, हे बोलणाऱ्या माणसाने ठरवायचं. ज्याने उत्तरं दिली त्याने सांगितलेल्या नंबरवरच ती जाणार, मग तो नंबर माहेरचा असो, आश्रमशाळेत शिकणाऱ्या मुलीच्या अधीक्षिकेचा असो की कुणा मैत्रिणीचा. ज्या बाईकडे फोन नाही तिची रक्कम बचत गटाच्या सीआरपीच्या हाती, दोघींच्या सहीने किंवा अंगठ्याने. सही आणण्याचा प्रवासखर्च धरला की एका मुलाखतीचा दर वाढतो आणि प्रस्ताव बघणारे त्यावर बोट ठेवणार हे मला माहीत आहे. बैठक सोमवारी आहे. कॉल शीटचे शेऱ्याचे रकाने मी झेरॉक्स करून घेतलेत, दर कमी करा म्हणाले तर तेच पुढे ठेवणार आहे.